वायटूके आणीबाणी नियोजन

१ जानेवारी २००० ला कॉम्प्युटरमधल्या तारखा चुकून एकाच वेळी ठिकठिकाणी गोंधळ उडाला तर सरकारने काय करायचं, याची वेगवेगळ्या देशांनी साधारण १९९७-९८ पासून मार्च २००० पर्यंत केलेली तयारी म्हणजे वायटूके (वाय म्हणजे इयर, टूके म्हणजे दोन हजार) आणीबाणी नियोजन. प्रोग्रॅम दुरुस्त करणं हे एक काम आणि दुरुस्ती फसलीच तर वीज, पाणी, बँकेतले पैसे, हॉस्पिटल हे सगळं चालू कसं ठेवायचं हे दुसरं, या नोंदीत भर दुसऱ्यावर आहे. उदाहरण मुख्यतः अमेरिकेचं घेतलंय, कारण तिथल्या सरकारी खात्यांनी, संसदेच्या कमिट्यांनी आणि ऑडिटवाल्यांनी ढीगभर कागद मागे ठेवलेत.

दोन आकडी वर्ष आलं कुठून

नेहमीचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे, मेमरी महाग होती म्हणून १९६७ न लिहिता नुसतं ६७ लिहायचे. ते खोटं नाही, फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी १९९८ मध्ये सिनेटच्या कमिटीसमोर स्वतः सांगितलं की साठच्या दशकात आपणही असले प्रोग्रॅम लिहिलेत, आणि तेव्हा जागा वाचवल्याचं कौतुकच वाटायचं. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही कारण ही सवय कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. आयबीएमचं ८० कॉलमचं पंच कार्ड, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायचा पुठ्ठा, १९२८ चं, एका माणसाचं किंवा एका बिलाचं सगळं रेकॉर्ड त्या ८० कॉलममध्ये बसवायचं असायचं, तेव्हा शतकाचे दोन आकडे सगळ्यात आधी उडायचे, आणि पुढे कार्डावरचा मजकूर टेपवर आणि टेपवरून डिस्कवर गेला तरी लेआउट तोच राहिला. तिसरं मत असं की दोष स्टँडर्ड ठरवणाऱ्यांचा. अमेरिकन सरकारने १९६८ च्या आपल्या डेटा स्टँडर्डमध्ये, म्हणजे फिप्स ४ मध्ये, सहा आकडी तारखेला मान्यता दिली होती. कोबोल या ऑफिसच्या हिशोबांसाठीच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत सिस्टिमकडून तारीख मागितली की वर्षाचे दोनच आकडे मिळायचे, चार आकडी वर्ष देणारं फंक्शन १९८९ च्या सुधारणेत आलं. इतकंच काय, तारीख कशी लिहायची याच्या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये, म्हणजे आयएसओ ८६०१ मध्येसुद्धा दोन आकडी वर्ष चालत होतं. या तिन्हीत, सवय कार्डामुळे पडली, महाग मेमरीने ती टिकवली आणि स्टँडर्डने तिच्यावर शिक्का मारला, असा क्रम मानणं जास्त पटतं.

पहिला इशारा कोणी दिला यावरही वाद आहे. मान बहुतेक वेळा अमेरिकन प्रोग्रॅमर बॉब बीमर यांना दिला जातो, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी वंशावळींच्या नोंदींवर काम करताना त्यांना हे जाणवलं असं सांगतात, छापील लेख मात्र १९७१ चा. सर्वसामान्य मॅनेजर मंडळींपर्यंत विषय पोचला तो कॅनडातल्या पीटर डी जेगर यांच्या सप्टेंबर १९९३ च्या लेखामुळे. दरम्यान अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याने गाजावाजा न करता १९८९ मध्येच काम सुरू केलं होतं, पेन्शनचा हिशोब पुढच्या वर्षांचा करावा लागतो त्यामुळे त्यांना २००० साल लवकर दिसलं.

दुरुस्तीच्या पद्धती मुळात दोन. एक, सगळ्या फाइलींमध्ये वर्ष चार आकडी करायचं, हे पक्कं पण खर्चिक. दुसरी विंडोइंग, म्हणजे डेटा तसाच ठेवून प्रोग्रॅमला सांगायचं की ०० ते ४९ आलं तर २००० चं शतक आणि ५० ते ९९ आलं तर १९०० चं. वेळ कमी उरला तशी दुसरी पद्धत फार वापरली गेली, म्हणजे प्रश्न मिटला नाही, पुढे ढकलला गेला. त्यात लीप वर्षाची भानगड होतीच, १०० ने भाग जाणारं वर्ष लीप नसतं पण ४०० ने भाग गेला तर असतं, म्हणून १९०० ला २९ फेब्रुवारी नव्हती आणि २००० ला होती, आणि अर्धाच नियम माहीत असलेले प्रोग्रॅमर बरेच होते. आणीबाणीवाल्यांच्या कॅलेंडरवर त्यामुळे एकच तारीख नव्हती. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी परत शून्यावर येतो, तो दिवस २१-२२ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्री होता. मग ९ सप्टेंबर १९९९, कारण काही प्रोग्रॅममध्ये ९९९९ म्हणजे फाइल संपली असा संकेत असायचा. मग ३१ डिसेंबर, आणि शेवटी २९ फेब्रुवारी. पहिल्या दोन तारखा जवळपास शांततेत गेल्या, जपानमधले काही जुने कार नॅव्हिगेशन बंद पडले तेवढंच.

अमेरिकेतली यंत्रणा

राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ४ फेब्रुवारी १९९८ ला आदेश काढून वायटूके कौन्सिल नेमली आणि जॉन कॉस्किनेन यांना प्रमुख केलं. हे तंत्रज्ञ नव्हेत, अडचणीतल्या कंपन्या सावरणं हा त्यांचा जुना व्यवसाय आणि नंतर व्हाइट हाऊसच्या बजेट ऑफिसात मॅनेजमेंटचं काम. हाताखाली माणसं मोजकीच, अधिकारही फारसे नाहीत, सगळा भर बैठका घेऊन माहिती काढण्यावर. अडचण अशी की वीज, फोन, बँका बहुतेक खाजगी हातात आणि कंपन्या आपली तयारी किती झालीय ते सांगायला तयार नाहीत, कारण उद्या कोणी त्याच वाक्यावर कोर्टात खेचलं तर? म्हणून ऑक्टोबर १९९८ मध्ये कायदा झाला की वायटूकेबद्दल प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीला कायदेशीर संरक्षण मिळेल, आणि जुलै १९९९ मध्ये दाव्यांवर मर्यादा घालणारा दुसरा कायदा आला. आणीबाणीच्या नियोजनात सगळ्यात महत्त्वाचं पाऊल कुठलं असं विचारलं तर या नोंदीच्या मते पहिला कायदा, कुठलंही कंट्रोल रूम नव्हे.

संसदेतही दोन ठिकाणांहून दट्ट्या होता. सिनेटमध्ये युटाचे रॉबर्ट बेनेट आणि कनेक्टिकटचे ख्रिस्तोफर डॉड यांची खास कमिटी, आणि खालच्या सभागृहात स्टीफन हॉर्न, हे मूळचे प्राध्यापक, त्यामुळे दर थोड्या महिन्यांनी प्रत्येक खात्याला ए पासून एफ पर्यंत ग्रेड देऊन मार्कशीट जाहीर करायचे. सरकारी डेडलाइन ३१ मार्च १९९९ होती, तोपर्यंत अत्यावश्यक ठरवलेल्या सिस्टिमपैकी ९२ टक्के तयार झाल्याचं सांगण्यात आलं.

उरलेल्यांचं काय आणि तयार झालेल्या पण तरीही फसल्या तर काय, यासाठी ऑडिट खात्याने, म्हणजे जीएओने, ऑगस्ट १९९८ मध्ये गाइड काढलं. त्यात चार टप्पे होते: टीम आणि धोरण ठरवणं, कुठलं काम थांबलं तर किती नुकसान ते मोजणं, पर्यायी योजना लिहिणं, आणि ती योजना खरंच चालवून बघणं. चौथा टप्पा लोक टाळतात असा सगळीकडचा अनुभव. पुढे त्यात ‘डे वन’ योजना जोडली गेली, म्हणजे ३१ डिसेंबर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोण कुठे बसणार, कोण कोणाला फोन करणार, फोन नसेल तर काय करणार, असं तासातासाचं वेळापत्रक.

आपत्तीची जबाबदारी असलेल्या फेमाची पंचाईत वेगळीच होती. वादळ आलं की आजूबाजूच्या राज्यांतून मदत मागवायची ही त्यांची सगळी रचना, पण इथे सगळीकडे एकदम गडबड झाली तर कोण कोणाला मदत पाठवणार? म्हणून राज्यांना आणि गावांना सांगितलं की पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभं राहायची तयारी ठेवा, आणि नागरिकांना सांगितलं की हिवाळी वादळाच्या वेळी करता तेवढीच तयारी करा, दोन-तीन दिवसांचं पाणी, खाणं, टॉर्च, बॅटऱ्या, थोडी कॅश. जुलैत रेड अलर्ट लागला की आपण घरात मेणबत्ती, दूध आणि मॅगी आणून ठेवतो तितपतच हे. रेड क्रॉसचा सल्ला याहून थोडा लांबचा, आठवड्यापर्यंतचा होता, आणि काही मंडळी तर जनरेटर आणि वर्षभराचं धान्य घेऊन डोंगरात जाऊन बसली. सरकारला खरी भीती याच घबराटीची होती. एका आठवड्यात सगळ्यांनी एटीएम रिकामं केलं तर कॉम्प्युटर चालू असूनही बँका बंद पडतील, म्हणून फेडरल रिझर्व्हने ५० अब्ज डॉलरच्या जादा नोटांची सोय केली आणि बँकांसाठी ऑक्टोबर १९९९ ते एप्रिल २००० अशी खास कर्जाची खिडकी उघडली.

कौन्सिलचं शेवटचं मोठं काम म्हणजे व्हाइट हाऊसजवळ उभारलेलं इन्फर्मेशन कोऑर्डिनेशन सेंटर, खर्च सुमारे ५ कोटी डॉलर, प्रमुख निवृत्त लेफ्टनंट जनरल पीटर काइंड. इथून एकही कॉम्प्युटर दुरुस्त होणार नव्हता. एरवीही कुठे ना कुठे लाइट जातच असते, एटीएम बंद पडतच असतं, त्यातलं नेहमीचं किती आणि तारखेमुळे किती हे पटकन वेगळं करून टीव्हीवाल्यांना सांगायचं, एवढंच सेंटरचं काम.

मिसाइलचा प्रश्न

रशियाच्या इशारा यंत्रणेचा पडदा चुकून काळा झाला आणि त्यांनी तो हल्ला समजला तर, ही शंका दोन्हीकडच्या लष्करी लोकांना होती. उपाय म्हणून कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या पीटरसन हवाई तळावर एक तात्पुरतं केंद्र केलं, तिथे रशियन आणि अमेरिकन अधिकारी एकाच टेबलाशी बसून अमेरिकेचा मिसाइल डेटा बघणार. १९९९ च्या वसंतात कोसोव्होच्या प्रश्नावरून नाटोने युगोस्लाव्हियावर केलेल्या बॉम्बफेकीमुळे रशियाने हे सहकार्य थांबवलं होतं, सप्टेंबरच्या सुमारास परत सुरू झालं आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात अधिकारी येऊन बसले. ३१ तारखेला मॉस्कोत राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी राजीनामा दिला, चेचन्यात रशियाने स्कड मिसाइल सोडल्याचं उपग्रहांनी टिपलं, आणि तरीही केंद्रात काही गडबड झाली नाही. अशी माणसं समोरासमोर बसवायची आयडिया वायटूके नसतं तरी चांगलीच होती.

इतर देश

ब्रिटनमध्ये टोनी ब्लेअर यांनी मार्च १९९८ मध्ये २० हजार ‘बग बस्टर’ तयार करायची घोषणा केली, ॲक्शन २००० नावाच्या संस्थेने घरोघरी पत्रकं वाटली. कॅनडाने ऑपरेशन ॲबॅकस नावाने लष्कराला तयार ठेवलं. इटली आणि रशिया उशिरा जागे झाले, अमेरिकेने तर रशिया, युक्रेन, बेलारूस आणि मोल्दोव्हातल्या आपल्या दूतावासाच्या लोकांना हवं तर निघून यायची परवानगी दिली होती. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९९८ मध्ये सगळ्या देशांच्या वायटूके प्रमुखांना न्यूयॉर्कला बोलावलं, त्यातून फेब्रुवारी १९९९ मध्ये ब्रूस मॅकॉनेल यांच्या हाताखाली आंतरराष्ट्रीय सहकार्य केंद्र निघालं, पैसे मुख्यतः वर्ल्ड बँकेचे.

भारतात नियोजन आयोगाचे सदस्य मोंटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली ॲक्शन फोर्स होती, बँका, वीज, टेलिकॉम, रेल्वे, विमान वाहतूक अशा क्षेत्रांवर लक्ष. जिल्हा पातळीवरचं काम तेव्हा बरंचसं वहीवर चालायचं, त्यामुळे धोका आपोआप कमी. आपली खरी गुंतवणूक दुसऱ्या बाजूने होती, अमेरिकन बँका आणि इन्शुरन्स कंपन्यांचा कोबोल कोड तपासायचं काम टीसीएस, पटनी, मास्टेक अशा कंपन्यांनी घेतलं, मुंबई-पुण्यात मेनफ्रेम आणि कोबोलचे क्लास भरून वाहायला लागले, आणि अमेरिकेने १९९९ आणि २००० साठी एच-वन-बी व्हिसाची मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजार केली. ३१ डिसेंबरला दिल्लीतली आणीबाणीची यंत्रणा मात्र वायटूकेत नव्हे तर अपहरण होऊन कंदाहारला अडकलेल्या आयसी ८१४ विमानात गुंतलेली होती, ओलीस त्याच दिवशी सुटले.

त्या रात्री

नवीन दिवस पॅसिफिकमधून पश्चिमेकडे सरकतो, त्यामुळे वॉशिंग्टनला न्यूझीलंडच्या बातम्या तब्बल १८ तास आधी मिळाल्या, तिथे लाइट चालू आहे म्हटल्यावर अर्धी धास्ती तिथेच संपली. अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याच्या प्रमुख जेन गार्वी मध्यरात्री मुद्दाम विमानात होत्या. बिघाड झालेच नाहीत असं नाही. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांचा डेटा वाचणारं जमिनीवरचं स्टेशन काही तास बंद पडलं, आणि गंमत म्हणजे दोष वायटूकेसाठी केलेल्या दुरुस्तीतच होता. जपानमध्ये शिका अणुकेंद्रातली रेडिएशनवर नजर ठेवणारी यंत्रणा अडखळली, ऑस्ट्रेलियात काही बसमधली तिकीट मशिन अडली, अमेरिकन नौदलाच्या वेधशाळेच्या साइटवर वर्ष १९१०० दिसलं. सगळ्यात गंभीर घटना उशिरा कळली. शेफिल्डच्या एका लॅबमध्ये गरोदर बायकांचं वय चुकीचं धरलं गेल्यामुळे डाउन सिंड्रोमच्या टेस्टचे दीडशेच्या वर रिपोर्ट चुकले, आणि ते कुठल्या कंट्रोल रूमने नाही तर एका आरोग्यसेविकेच्या शंकेने उघडकीला आलं. २९ फेब्रुवारीला जपानच्या पोस्टाची हजारेक एटीएम बंद पडली.

मूल्यमापन

पैसा फुकट गेला का, हा वाद अजून चालू आहे. अमेरिकेतला एकूण खर्च १०० अब्ज डॉलरच्या आसपास धरतात, त्यात फेडरल सरकारचे ८-९ अब्ज, जगाचे आकडे ३०० ते ६०० अब्ज असे मोघम. एका बाजूचं म्हणणं, इटली आणि रशियाने फार काही केलं नाही तरी काही झालं नाही, म्हणजे भीतीच खोटी. दुसरी बाजू म्हणते, त्या देशांत कॉम्प्युटरवर अवलंबून असणंच कमी होतं, आणि तिथे वापरातलं परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांनी आधीच दुरुस्त करून दिलेलं होतं. दुसरी बाजू जास्त वजनदार वाटते, पण एका मुद्द्यावर टीकाकार बरोबर आहेत. मशिनमधल्या चिपांचा धोका फार फुगवून सांगितला गेला. पंप, लिफ्ट, व्हॉल्व्ह यांतल्या बहुतेक चिपांना वर्षाशी काही देणंघेणंच नसतं, आणि आणीबाणीची सगळ्यात भीषण चित्रं नेमकी याच चिपांवर उभी होती. बँकिंग आणि पेन्शनमधला धोका खरा होता, पण तो दिवे जाण्याचा नव्हता, महिनोन्महिने चुकत राहणाऱ्या हिशोबांचा होता, आणि त्यासाठी कंट्रोल रूमचा तसा उपयोग नाही.

कॉस्किनेन यांचं सेंटर २००० च्या पूर्वार्धात गुंडाळलं गेलं, सायबर हल्ल्यांसाठी ते ठेवावं अशी सूचना झाली होती पण कोणी मनावर घेतलं नाही. ते स्वतः पुढे अमेरिकेच्या इन्कम टॅक्स खात्याचे कमिशनर झाले. विंडोइंगची उधारी अधूनमधून वर येत राहते, आणि ३२ बिटमध्ये सेकंद मोजणाऱ्या सिस्टिमचा आकडा भारतीय वेळेप्रमाणे १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. मोठे सर्व्हर बहुतेक ६४ बिटवर गेलेत, जुन्या उपकरणांमध्ये मात्र ३२ बिटचं घड्याळ अजून चालू आहे, म्हणजे या वेळी चिपांची काळजी १९९९ पेक्षा जास्त रास्त आहे.