व्हिज्युअल नॉव्हेल की डेटिंग सिम? फाट्यावरचा घोळ

अ‍ॅनिमे बघता बघता कधीतरी कळतं की 'स्टाइन्स;गेट' किंवा 'क्लॅनाड' हे मुळात गेम होते. मग आपण हौसेने शोधायला जातो आणि समोर एकाच साच्यातून काढल्यासारखी चित्रं येतात: शाळेचा गणवेश, टपोरे डोळे, खाली संवादाची चौकट. एकावर 'व्हिज्युअल नॉव्हेल' असं लिहिलेलं, दुसऱ्यावर 'डेटिंग सिम', तिसऱ्यावर दोन्ही. माझी पहिली खेप तर वायाच गेली. निवांत गोष्ट वाचायची म्हणून एक गेम उघडला, तर त्यात वेळापत्रक भरायला लागलं.

चेहरेपट्टी सारखी असली तरी ही दोन घराणी वेगळी आहेत. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये वाचायचं असतं, डेटिंग सिममध्ये हिशेब ठेवायचा असतो.

हिशेबाचं घराणं आधी बघू, कारण लोकांच्या डोक्यात चित्र त्याचंच असतं आणि नाव मात्र दुसऱ्याचं. कोनामीचा 'तोकिमेकी मेमोरियल' मे १९९४ मध्ये पीसी इंजिन या यंत्रावर आला. तुम्ही किरामेकी हायस्कुलात दाखल होता, हातात तीन वर्षं असतात. शाळेच्या आवारात एक जुनं झाड आहे. निरोपाच्या दिवशी त्या झाडाखाली एखाद्या मुलीने प्रेमाची कबुली दिली, तर ते जोडपं कायम सुखी राहतं, अशी आख्यायिका. तुमच्यासाठी तिथे कुणी येईल का, एवढाच प्रश्न.

त्या तीन वर्षांत करायचं काय? आठवडा सुरू झाला की ठरवायचं: भाषा-इतिहासाचा अभ्यास, विज्ञान, कला, व्यायाम की दिसण्याकडे लक्ष? यातल्या प्रत्येकाचा एक आकडा असतो; एक चढवावा तर दुसरा उतरतो. ताण साचत जातो, विश्रांती घेतली नाही तर तब्येत बिघडते. सुट्टीच्या दिवसासाठी आधी फोन करून भेट ठरवायची. कुणाचा नंबर काय, वाढदिवस कधी, कुणाच्या मनात तुमच्याबद्दल काय चाललंय, ही सगळी बित्तंबातमी योशिओ नावाचा मित्र पुरवतो. (असा एक मित्र प्रत्येक कॉलेजात असतो आणि त्याचं स्वतःचं कधीच काही जमत नाही.)

गंमत पुढे आहे. एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष केलं की तिच्या नावापुढे बॉम्बचं चिन्ह दिसू लागतं. तो फुटला की तुमच्याविषयी कुजबुज पसरते आणि सगळ्याच जणींच्या मनातून तुम्ही उतरता. म्हणजे जिच्यात तुम्हाला काडीचाही रस नाही, तिलाही अधूनमधून कुठेतरी फिरवून आणावं लागतं. आणि शेजारी राहणारी बालमैत्रीण शिओरी फुजिसाकी? तिला सगळेच आकडे उंच लागतात. स्थळांच्या जाहिरातीतलं 'उच्चशिक्षित, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट' तिच्या अपेक्षांपुढे अगदीच किरकोळ वाटावं.

यात संवाद आहेत, पण ते पावतीसारखे. केलेल्या खर्चाचं काय झालं, तेवढं एक-दोन ओळींत कळतं. खरी मजा आहे ओढाताणीत. महिनाअखेरीला पगार पुरवण्यात जो थरार असतो, त्याच जातीची. गायनॅक्सच्या १९९१ च्या 'प्रिन्सेस मेकर'मध्ये हाच आकड्यांचा खेळ मुलगी वाढवण्यासाठी होता. कोएईच्या 'अँजेलिक'ने १९९४ मध्ये तो मुलींसाठी मांडला, म्हणजे नायिका तुम्ही आणि भोवती देखणे पुरुष. आज ज्यांना ओतोमे गेम म्हणतात, त्यांची सुरुवात इथली.

आता वाचनाचं घराणं. त्याच सुमाराला, १९९२ मध्ये, चुनसॉफ्ट या कंपनीने सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेमयंत्रावर 'ओतोगिरिसो' आणला आणि त्याला 'साउंड नॉव्हेल' म्हटलं. पडदाभर मजकूर, मागे चित्र, कानात पावलांचे, दारांचे, पावसाचे आवाज. दोन वर्षांनी 'कामाइताची नो योरु' आला. रहस्यकथा लिहिणाऱ्या ताकेमारु आबिको यांनी त्याची कथा लिहिली. बर्फात अडकलेलं एक छोटं हॉटेल, त्यात मुक्कामाला आलेली माणसं आणि एक खून. माणसांना चेहरेच नाहीत, सगळ्यांच्या नुसत्या निळ्या सावल्या. चेहरा तुम्ही मनात रंगवायचा. मला ही युक्ती आजही पुढच्या कितीतरी गुळगुळीत चित्रांपेक्षा सरस वाटते.

इथे ना आकडा, ना वेळापत्रक. वाचत जायचं आणि मधेमधे फाटा येतो: हे म्हणू की ते, थांबू की जाऊ. एका ठिकाणी तर गेम सरळ विचारतो, खुनी कोण, आणि नाव स्वतः टाइप करायला लावतो. तुम्ही नुसतं भराभर बटण दाबत आला असाल, तर लिहायला नाव नसतं आणि पुढे एकेक माणूस कमी होत जातो. म्हणजे इथेही हरता येतं, पण हरण्याचं कारण एकच: नीट वाचलं नाही.

'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव आलं लीफ या कंपनीकडून. १९९६ च्या 'शिझुकु'पासून तिने आपल्या मालिकेला हे नाव दिलं. साउंड नॉव्हेलसारखाच पडदाभर मजकूर, पण आता मागे सावल्यांऐवजी रंगीत पात्रं उभी. सुरुवातीच्या कथा काळोख्या आणि फक्त प्रौढांसाठी होत्या. मग १९९७ मध्ये त्यांचाच 'टू हार्ट' आला: शाळा, गणवेश, वर्गमैत्रिणी. चेहरा तोकिमेकीचा, अंग कादंबरीचं. आजचा घोळ बराचसा इथून सुरू होतो.

त्यात नावांनी भर घातली. जपानी माणूस सहसा 'नॉव्हेल गेम' किंवा नुसतं 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणतो. जपानबाहेर मात्र बोलून चालणारं, अ‍ॅनिमे चेहऱ्यांचं जे काही असेल ते एकाच पोत्यात गेलं. असे गेम बनवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं फुकट साधन आहे रेन्पाय. त्याच्या नावातलं 'रेन' हेसुद्धा 'रेन्आय' म्हणजे प्रेम या जपानी शब्दातून घेतलेलं आणि 'पाय' पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला. मग बिचाऱ्या नवख्याने फरक कसा करायचा?

माझ्याकडे एक घरगुती कसोटी आहे. दुसऱ्यांदा खेळायला घ्या. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये 'वाचलेलं वगळा' असं बटण असतं. ते दाबलं की ओळखीची पानं सुसाट पळतात आणि नव्या फाट्यावर गाडी आपोआप थांबते. तिथे दुसरी वाट धरायची. डेटिंग सिममध्ये ही सोय फारशी कामाची नाही. दुसरी मुलगी हवी तर तीन वर्षं पुन्हा पहिल्या आठवड्यापासून राबा.

काही गेम मुद्दाम बुरखा घालून येतात. २०१७ चा फुकट मिळणारा अमेरिकी 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' घ्या. त्यात वहीतले शब्द निवडून कविता रचायची आणि ती कुठल्या मुलीला भावते ते बघायचं. अगदी डेटिंग सिमचा थाट. पण सुरू होतानाच तो इशारा देतो की हे लहान मुलांसाठी नाही आणि मन लवकर विचलित होणाऱ्यांसाठीही नाही. तो इशारा खराच समजा. याहून जास्त सांगणं म्हणजे तुमचा गेम चोरणं.

दुसऱ्या टोकाला २००२ मध्ये सुरू झालेली 'हिगुराशी' मालिका. तिच्यात फाटेच नाहीत. वाचा, घाबरा, पुढचा भाग उघडा. मग हा गेम कसा, हा वाद जपानातही झाला आहे. मला विचाराल तर संगीत कधी थांबतं आणि पुढची ओळ किती उशिरा येते, यातच तिचा खेळ आहे. कागदावर छापली तर ती तशी अंगावर येणार नाही.

आणि 'स्टाइन्स;गेट'मध्ये फाटे आहेत, पण लपवलेले. निवडीची चौकट येतच नाही. नायकाच्या हातात मोबाइल असतो. आलेल्या मेलमधले काही शब्द वेगळ्या रंगात, अधोरेखित दिसतात. त्यातल्या ज्या शब्दावर दाबाल तसं उत्तर जातं. कुणाचा फोन उचलायचा, कुणाचा वाजू द्यायचा, हेही तुम्हीच ठरवायचं. निर्णय घेतला हे कळायला कधी कधी दहा तास लागतात.

सुरुवात कशाने करावी, असं विचारलं तर मी आधी रिकामा वेळ किती ते विचारेन. 'फेट/स्टे नाइट' २०२४ पासून अधिकृत इंग्रजीत मिळतो. पण त्याच्या तीन वाटा ठरलेल्या क्रमानेच उघडतात आणि सगळं संपायला दिवाळीची सुट्टी पुरणार नाही. त्यापेक्षा 'हिगुराशी'चा पहिला भाग घ्या. विकत घेण्याआधी वयाची अट मात्र जरूर वाचा, या क्षेत्रात ती नुसती शोभेची नसते. पहिल्या खेपेला वाट दाखवणारे तयार तक्ते उघडू नका. फाटा आला की आधी सेव्ह करा, मग मनाला येईल ते दाबा. एखाद-दुसरा वाईट शेवट वाट्याला येईलच. बऱ्याच गेममध्ये लेखकाने सगळ्यात मन लावून लिहिलेली पानं नेमकी तिथेच सापडतात.