सीलिंग, दगडी फरशीचे (न्हाणीघरातील)

न्हाणीघरात बसविलेल्या नैसर्गिक दगडाच्या फरशीत व तिच्या सिमेंटी सांध्यांत पाणी, तेल आणि रंगद्रव्ये मुरण्याचा वेग कमी करण्यासाठी केले जाणारे द्रवलेपन. त्यासाठीच्या द्रवाला बाजारात ‘सीलर’ म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे, कारण चांगला सीलर दगडाची छिद्रे बुजवीत नाही, त्यांच्या भिंतींना पाणी नकोसे करतो. वॉटरप्रूफिंग वेगळे. ते फरशीच्या खाली, ब्रिकबॅट कोब्यात (विटांच्या तुकड्यांच्या सिमेंटी थरात) किंवा पॉलिमरच्या थरात असते. खालच्या मजल्याच्या छताला ओल येत असेल, तर वरून सीलर लावून ती थांबत नाही.

कोटा (राजस्थानातील रामगंज मंडी परिसर), शहाबादी (कर्नाटकातील कलबुर्गी जिल्हा) आणि कडप्पा (आंध्र प्रदेश) हे तिन्ही मुळात सूक्ष्मकणी चुनखडक. संगमरवर हा रूपांतरित चुनखडक. या सर्वांत कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज) मुख्य असल्याने अम्लाचा स्पर्श होताच पृष्ठभाग झिजून पांढुरका, मंद डाग पडतो. हा डाग म्हणजे दगडाचीच हानी असल्याने सीलर तो टाळू शकत नाही. लिंबू, व्हिनेगर, संडास धुण्याचे ॲसिड ही त्याची नेहमीची कारणे. ग्रॅनाइट सिलिकेटी असल्याने त्याला हा धोका बराच कमी. पाणी शोषण्याबाबत एएसटीएम या अमेरिकी मानकांनी ठरविलेली कमाल मर्यादा संगमरवरासाठी ०·२० टक्के, ग्रॅनाइटसाठी ०·४० टक्के, तर चुनखडकासाठी घनतेनुसार ३, ७·५ व १२ टक्के अशी आहे. भारतात शोषण मोजण्याची पद्धत आयएस ११२४ या भारतीय मानकात दिली आहे. एकाच नावाच्या दगडात खाणीखाणीनुसार फरक पडतो, म्हणून नावापेक्षा चाचणी महत्त्वाची. पाण्याचे थेंब ठेवून १०–१५ मिनिटांनी पुसावेत. दगड खाली गडद झाला असेल तर तो शोषक आहे. तेलासाठी हीच चाचणी जादा तुकड्यावर करावी.

इतिहास : दगडाला मेण व तेल लावण्याची चाल प्राचीन आहे. मोरोक्कोतील हमामखान्यांत ‘ताडेलाक्त’ या चुन्याच्या गिलाव्याला ऑलिव्हच्या तेलाचा साबण घासून जलरोधी करतात. साबण व चुना यांच्या संयोगाने न विरघळणारा कॅल्शियम साबण तयार होतो. मात्र तो गिलावा आहे, फरशी नव्हे, त्यामुळे त्याला आजच्या सीलरचा पूर्वज मानणे सयुक्तिक वाटत नाही. महाराष्ट्रातील जुन्या न्हाणीत घडीव काळा पाषाण किंवा शहाबादी असे व ती तशीच वापरली जाई. तेल लावले जाई ते कडप्प्याला, तेही काळेपणासाठी.

आधुनिक सीलरच्या उगमाबाबत एकवाक्यता नाही. काही जण तो १८६१ पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी जर्मन रसायनज्ञ ए. डब्ल्यू. फोन हॉफमान यांनी लंडनच्या संसदभवनाच्या झिजणाऱ्या चुनखडकावर सिलिसिक एस्टर (सिलिकॉनचे एक द्रव संयुग) वापरण्याचे सुचविले. परंतु तो उपाय ठिसूळ दगड बांधून धरण्याचा होता, पाणी दूर ठेवण्याचा नव्हता. दोन्ही गोष्टी एकत्र केल्याने हा घोळ झालेला दिसतो. इंग्रज रसायनज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सिलिकोन’ (सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या साखळीची सेंद्रिय संयुगे) ही संज्ञा रूढ केली, तरी या संयुगांच्या व्यावहारिक उपयोगाची त्यांना फारशी आशा नव्हती. यूजीन रोको (१९४०) व त्याच सुमारास रिखार्ड म्यूलर यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या प्रक्रियेमुळे ही संयुगे स्वस्त झाली. त्यामुळे जलविकर्षी (पाणी दूर सारणाऱ्या) लेपांचा खरा आरंभ दुसऱ्या महायुद्धानंतरचा मानणे अधिक योग्य. न्हाणीघराच्या फरशीसाठी ते त्याहूनही उशिरा आले.

प्रकार : वरून बसणारे (ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, मेण) व आत मुरणारे (सिलेन व सिलोक्सेन ही सिलिकॉनची संयुगे, आणि फ्लुओरिनयुक्त फ्लुओरोपॉलिमर) असे दोन मुख्य प्रकार. पहिल्याने चमक येते, पण ओल्या जमिनीवर घसरण वाढते आणि खालची वाफ कोंडून थर पांढरा पडतो किंवा पापुद्रे सुटतात. न्हाणीघरात तो टाळणेच बरे. फ्लुओरोपॉलिमर तेलही अडवितात. खोबरेल, उटणे व शिकेकाई असलेल्या घरात हा गुण मोलाचा. त्यांच्याशी संबंधित कार्बन अणूंच्या दीर्घ साखळीची काही संयुगे पर्यावरणात टिकून राहतात. त्यांपैकी पीएफओएसचा (परफ्लुओरोऑक्टेन सल्फॉनिक अम्लाचा) समावेश २००९ मध्ये टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम करारात झाला. आता बहुधा आखूड साखळीची संयुगे वापरतात.

चुनखडकावरील परिणामाचा वाद : सिलेनची क्रिया ओलाव्याने सुरू होते व ते खनिजाच्या पृष्ठावरील हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांशी जोडले जाते. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झ व फेल्डस्पार या खनिजांवर असे गट विपुल असतात, कॅल्साइटवर फारसे नसतात. त्यामुळे ग्रॅनाइट व सिमेंटी सांध्यांवर पक्का बसणारा सीलर कोटा किंवा संगमरवरावर मुख्यतः स्वतःच्याच जाळ्याच्या रूपाने छिद्रांत अडकून राहतो, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार अडकून राहणेही व्यवहारात पुरेसे असते. खरा प्रश्न शॉवरखालच्या जमिनीचा आहे. तेथे पाणी वरून कमी आणि सांध्यांतून, कडांतून व खालच्या सिमेंट-वाळूच्या थरातून जास्त येते. जलविकर्षी थरामुळे ते पृष्ठापर्यंत द्रवरूपाने पोचत नाही, आतच सुकते. मग एरवी वर फुटणारा लोणा (पाण्यातून येणारे क्षार) पृष्ठाखाली स्फटिकतो व दगडाचे पापुद्रे सुटतात. पांढऱ्या संगमरवरातील लोहाचा पिवळेपणाही अशाच खालून येणाऱ्या पाण्याने वाढतो. म्हणून भिंती व वॉशबेसिनभोवतीचा दगड सील करावा, शॉवरखालची घट्ट कोटा फरशी मात्र चाचणीत शोषक ठरली तरच करावी, आणि सांधे सर्वत्र करावेत, हा मध्यममार्ग स्वीकारार्ह वाटतो. उदयपूरजवळील केसरियाजीचा ‘हिरवा मार्बल’ वस्तुतः सर्पेंटिनाइट (सर्पेंटाइन खनिजांचा वेगळाच खडक) असून पाठीमागून ओल लागली की वाकतो. तो एपॉक्सीने (रेझिनच्या गोंदाने) चिकटवावा लागतो. वरचे सीलिंग तेथे निरुपयोगी.

सांधे : ३ मिमी.पेक्षा अरुंद सांध्यात बिनवाळूचे, रुंद सांध्यात वाळूयुक्त ग्राउट (सांधे भरण्याचे मिश्रण). पॉलिश केलेल्या संगमरवरावर वाळूचे ओरखडे उमटतात. नुसते पांढरे सिमेंट भरल्यास ते आकसून तडकते. पाणी जास्त घातलेले ग्राउट भुसभुशीत होते व सीलरने सुधारत नाही, खरवडून नव्याने भरावे लागते. एपॉक्सी ग्राउटला सीलर लागत नाही. शोषक दगडाला ग्राउट भरण्याआधी सीलरचा एक हात दिल्यास रंग दगडात मुरत नाही. जमीन व भिंत यांच्या कोनात ग्राउट न भरता सिलिकोन भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन ॲसिटिक अम्ल सोडते, चुनखडी दगडाला ते चालत नाही, न्यूट्रल घ्यावे. सीलर लावलेल्या कडेवर सिलिकोन नीट धरत नाही, म्हणून ती कडा सीलरपासून वाचवावी.

कृती : नव्या ग्राउटला उत्पादकाने सांगितलेली मुदत द्यावी (काही दिवसांपासून २८ दिवसांपर्यंत). उदासीन क्लीनरने धुऊन न्हाणीघर किमान २४, शक्यतो ७२ तास कोरडे ठेवावे. कोकणात पावसाळ्यात हे जमत नाही. कोपऱ्यात नमुना लावून रंग गडद होतो का पाहावे. कापडाने सीलर लावून ५–१० मिनिटे पृष्ठ ओले ठेवावे व उरलेला द्रव सुकण्याआधी कोरड्या कापडाने पूर्ण टिपावा. येथेच बहुतेक कामे बिघडतात : राहिलेला द्रव चिकट, ढगाळ डाग धरतो. तसे झाल्यास त्यावर तोच सीलर पुन्हा लावून मऊ करून लगेच पुसावे. सांध्यांना बारीक ब्रश. ४×७ फुटांच्या जमिनीला (सु. २·६ चौ. मी.) दोन हातांसाठी पाव ते अर्धा लिटर पुरतो. त्यानंतर किमान २४ तास पाणी नको. द्रावकयुक्त सीलर लावताना गॅस गीझर बंद ठेवावा, कारण अशा सीलरची वाफ पेट घेते.

देखभाल : थेंबाची चाचणी दर वर्षी करावी. ब्लीच व तीव्र अल्कली यांनी सीलर लवकर उतरतो. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर सीलरच्याही वर बसतो आणि तो काढणारे प्रत्येक अम्ल कोट्याला खाते, म्हणून आंघोळीनंतर वायपर फिरविणे हाच उपाय. तेलाच्या डागावर ॲसिटोनमध्ये, हळद-मेंदीच्या डागावर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पांढऱ्या मातीचा किंवा खडूच्या भुकटीचा लेप करून, प्लॅस्टिकने झाकून २४–४८ तास ठेवतात. डाग निघाल्यावर तेवढ्या जागी पुन्हा सीलर लावावा लागतो.