प्रसूतिपश्चात रक्तस्राव : बेळगाव जिल्ह्यातील संशोधन आणि उपचार

बाळ जन्मल्यानंतरच्या चोवीस तासांत आईच्या अंगावरून ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले, तर त्याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात. १,००० मिलिलिटरच्या वर गेल्यास तो तीव्र मानला जातो. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूंमागे जगभर हे सर्वांत मोठे कारण आहे. खेड्यात, घरच्या बाळंतपणातही देता येईल अशा औषधाने हा रक्तस्राव टळतो का, याची एक महत्त्वाची चाचणी बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात झाली. तिचे निष्कर्ष पुढे अनेक देशांच्या आरोग्यधोरणात उतरले.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय घट्ट आवळले गेले की त्यांची तोंडे मिटतात, आणि सैल राहिले की रक्त थांबत नाही. रक्तस्राव झालेल्या दहापैकी सुमारे सात स्त्रियांत हेच कारण असते. वारेचा तुकडा आत राहणे, बाळ बाहेर येताना मार्ग फाटणे आणि रक्त न गोठणे ही उरलेली कारणे. उपचार न मिळाल्यास रक्तस्राव सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी दोनच तास जातात. अंगात मुळातच रक्त कमी असेल तर तेवढाही अवधी मिळत नाही, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग डोळ्यांसमोर आणला की या दोन तासांचा अर्थ कळतो. जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात ओढे-नाले भरून वाहतात, वाड्यावस्त्यांचे रस्ते तुटतात आणि आजारी माणसाला गाडीरस्त्यापर्यंत उचलून आणावे लागते. रक्तस्रावावरचे नेहमीचे औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन. ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, म्हणजे फ्रिज हवा आणि वीजही हवी. शिवाय त्या काळी गावात बाळंतपण करणाऱ्या सहायक परिचारिकेला, म्हणजे लोकांच्या नर्सबाईला, ते टोचण्याची मुभा नव्हती.

गोळीची चाचणी

मिसोप्रोस्टॉल हे मूळचे पोटातील अल्सरवरचे औषध. ते गर्भाशयही आवळते, गोळीच्या रूपात मिळते, त्याला फ्रिज लागत नाही आणि ते टोचावेही लागत नाही. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील सहकारी विद्यापीठे यांनी त्याची चाचणी आखली. बेळगावच्या बाजूने बी. एस. कोडकणी, शिवप्रसाद गौडर, एम. बी. बेल्लद हे डॉक्टर आणि अमेरिकेतून रिचर्ड डरमन यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. हे महाविद्यालय केएलई या शिक्षणसंस्थेने १९६३ मध्ये सुरू केले. बेळगाव, निपाणी, चिकोडीबरोबरच सीमेपलीकडच्या चंदगड भागातले मराठी रुग्णही त्याच्या रुग्णालयात येतात.

चाचणीत १,६२० स्त्रिया होत्या. बाळ बाहेर आल्यावर ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल आणि ८०८ जणींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. कोणाला काय मिळाले हे देणारीलाही ठाऊक नव्हते. बाळंतपण करणे, गोळी देणे आणि गेलेले रक्त मोजणे ही तिन्ही कामे २५ नर्सबाईंनी केली. औषध नसलेल्या गटात १२ टक्के स्त्रियांना रक्तस्राव झाला, मिसोप्रोस्टॉलच्या गटात ६.४ टक्के. तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. दर अठरा स्त्रियांना औषध दिल्यास एकीचा रक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. काही जणींना थंडी वाजली, ताप आला, पण तो लवकर उतरला. हे निष्कर्ष २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले.

अर्ध्या स्त्रियांना औषधाविना का ठेवले, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला गेलाच पाहिजे. त्या गावांत त्या वेळी घरच्या बाळंतपणात कोणालाच रक्तस्राव टाळणारे औषध मिळत नव्हते, असे संशोधकांचे उत्तर होते. गोळीचा उपयोग सिद्ध झाल्यावर मात्र तशी तुलना पुन्हा करण्याला काही आधार उरत नाही.

रक्त मोजण्याची पिशवी

गोळीएवढेच मोलाचे काम मोजमापाचे झाले, पण त्याची ओळख आपल्याकडे फार थोड्यांना आहे. बाळंतपणात किती रक्त गेले याचा अंदाज सुईण, नर्स, डॉक्टर सगळेच नजरेने बांधत. चादरीत मुरलेले, बादलीत पाण्यात मिसळलेले, जमिनीवर सांडलेले रक्त नजरेला नेहमी कमी भासते. या चाचणीसाठी प्लास्टिकचे एक पातळ आच्छादन बनवले गेले. ते बाईच्या कमरेला बांधून तिच्याखाली पसरायचे. खालच्या टोकाला त्याला निमुळती पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. रक्त थेट पिशवीत उतरते आणि खुणेवर आकडा वाचता येतो. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात नजरेचा अंदाज आणि पिशवीचे माप यांची तुलना झाली, तेव्हा नजरेचा आकडा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. म्हणजे सातशे मिलिलिटर रक्त गेलेली बाई ‘साधारण ठीक’ समजली जात होती. मोजमाप चुकले तर उपचार उशिरा सुरू होतात, आणि या आजारात अर्धा तासही मोठा असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते बेळगावच्या कामातला सर्वांत दूरगामी भाग हाच.

पुढच्या काळाने तसे दाखवूनही दिले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत ई-मोटिव्ह नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. खुणांची पिशवी वापरून रक्तस्राव वेळीच ओळखायचा आणि सर्व उपाय एकदम सुरू करायचे, अशी तिची पद्धत होती. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्र प्रमाण त्यामुळे ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. त्या रुग्णालयांत नवे महागडे औषध वापरले गेले नव्हते.

पुढील संशोधन आणि आजचे उपचार

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे इंजेक्शन ऑक्सिटोसिनच्या तोडीचे आहे का, हे दहा देशांतील २९,६४५ स्त्रियांवर तपासले गेले. बेळगाव त्यातही सहभागी होते. दोन्ही औषधांचे परिणाम जवळपास सारखे निघाले; निष्कर्ष २०१८ मध्ये आले.

आज दवाखान्यातील बाळंतपणात बाळ जन्मताच ऑक्सिटोसिन देतात. रक्तस्राव सुरू झाल्यास गर्भाशय चोळणे, सलाइन, ऑक्सिटोसिनची वाढीव मात्रा आणि पहिल्या तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषध, हे उपाय करतात. या आम्लाचा फायदा २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत दिसला. तेवढ्याने भागले नाही तर गर्भाशयात फुगा भरून आतून दाब देतात, आणि शेवटी शस्त्रक्रिया करतात. रक्त चढवण्याची सोय असलेल्या रुग्णालयात बाईला वेळेत पोचवणे याला मात्र पर्याय नाही.

त्याच महाविद्यालयाचे संशोधक आणि तीच गावे पुढे इतर प्रश्नांसाठीही उपयोगी पडली. कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची एक मात्रा दिल्यास आईचा तीव्र जंतुसंसर्ग (सेप्सिस) किंवा मृत्यू यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर येते, असे २०२३ मध्ये दिसले. या बहुदेशीय चाचणीत भारतातून बेळगाव आणि नागपूर होते. सगळे निकाल मनासारखे आले नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आईला स्टेरॉइड द्यायची मोहीम गावपातळीवर नेली, तेव्हा २०१५ च्या निष्कर्षात बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट सर्व बाळांचा एकत्र हिशेब केल्यावर ते थोडे वाढलेले दिसले. सुसज्ज रुग्णालयांत, दिवस नीट मोजून दिलेल्या त्याच औषधाने मात्र २०२० मध्ये बाळे वाचल्याचे दाखवले. असा नकोसा निकाल दडवून न ठेवता छापणे हे चांगल्या संशोधनाचे लक्षण आहे.

सीमाभागातील स्थिती

कर्नाटकात २००१–०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे २२८ माता दगावत. २०१८–२० मध्ये हा आकडा ६९ होता. सीमेपलीकडे महाराष्ट्रात तो त्याच काळात ३३ होता. याचे मोठे श्रेय दवाखान्यातील बाळंतपणांना जाते: कर्नाटकात त्यांचे प्रमाण २००५–०६ मधील ६४.७ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये ९७ टक्क्यांवर गेले. आशाताई, जननी सुरक्षा योजना आणि १०८ ची गाडी यांच्यामुळे हे घडू शकले.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत इथे पक्की आहे आणि सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना जुळतात. चंदगड-गडहिंग्लजला दिलेली खानापूरची लेक सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते, तेव्हा तिच्या तपासण्यांची नोंद महाराष्ट्राच्या कार्डावर असते, आणि बाळंतपण कर्नाटकात, जिथे आईच्या नोंदींचे तिथले तायी कार्ड चालते. महाराष्ट्र सरकारने आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करायचे ठरवले, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यावरून वाद झाला. रक्तस्रावाच्या बाबतीत त्याहून जवळची गरज कागदाची आहे. हिमोग्लोबिन, रक्तगट आणि आधी बाळंतपण झाले असल्यास त्यात रक्त जास्त गेले होते का, एवढ्या तीन नोंदी असलेले जुने कार्ड मुलीने माहेरी येताना सोबत आणावे आणि आल्या आठवड्यातच गावच्या उपकेंद्रात दाखवावे.