मोह आणि पाप: एकापासून पळ काढायचा, दुसऱ्याला सामोरं जायचं

मनात वाईट विचार आला म्हणजे पाप झालंच का? हा प्रश्न मंडळीत उघडपणे फारसा कुणी विचारत नाही, पण कित्येक विश्वासणारे त्यात वर्षानुवर्षं अडकलेले असतात. मोहाला पाप समजणारा विनाकारण खचतो. 'विचार आलाच आहे, आता काय राहिलं' म्हणत तो कधीकधी पुढचं पाऊलही टाकतो. उलट पापाला नुसता मोह म्हणणाऱ्याच्या आत ते मुरत जातं.

इब्री ४:१५ प्रमाणे प्रभू येशू सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. अरण्यात ४० दिवसांच्या उपवासानंतरची त्याची भूक खरी होती आणि धोंड्यांच्या भाकरी करण्याची सैतानाची सूचनाही त्याच्या कानांवर पडली होती. ऐकू येणं हेच पाप असतं, तर त्याला निष्पाप म्हणताच आलं नसतं.

मग सीमा कुठे? सातव्या शतकात सीनायच्या मठाचे प्रमुख असलेल्या योहान क्लिमाकसने पायऱ्या सांगितल्या: आधी विचाराचा स्पर्श, मग त्याच्याशी बोलणं, मग संमती, त्यापुढे बंदिवास. स्पर्शात दोष नाही. बोलणं मात्र नेहमीच निर्दोष नसतं. खरी लढाई या दुसऱ्या पायरीवर होते.

२ शमुवेल ११ मध्ये हे वचनागणिक दिसतं. दुसऱ्या वचनात दावीदाला गच्चीवरून एक स्त्री दिसते. तिसऱ्यात तो चौकशी करवतो आणि उत्तर येतं: ती उरीयाची बायको. थांबायला एवढं पुरेसं होतं. चौथ्या वचनात तो तिला आणायला माणसं पाठवतो. दिसणं हा मोह, चौकशी म्हणजे विचाराशी बोलणं आणि उत्तर ऐकूनही माणसं पाठवली तिथे संमती. मात्र संमती मनातल्या मनातही पुरी होते. मत्तय ५:२८ च्या मूळ ग्रीकमध्ये वासना धरण्याच्या हेतूने पाहण्याचा रोख आहे. सहज गेलेली नजर वेगळी, मुद्दाम परत वळवलेली वेगळी.

वासनेच्या मुळाबद्दल मंडळ्यांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. लुथरन मंडळीच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात (विश्वासाच्या निवेदनात) ती मूळ प्रवृत्तीच पाप ठरते. १५४६ मध्ये रोमन कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने बाप्तिस्मा झालेल्यांत उरलेल्या वासनेला खऱ्या अर्थाने पाप म्हणायला नकार दिला. जाणूनबुजून दिलेली संमती मात्र दोघांच्याही लेखी पापच.

मोहावर उपाय म्हणजे पळणं. योसेफ पोटीफरच्या बायकोशी वाद घालत बसला नाही. वस्त्र तिच्या हाती सोडून बाहेर पळाला. हव्वेने सर्पाला उत्तर दिलं आणि बोलणं वाढलं. म्हणून उठावं, खोली सोडावी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, एका ओळीची प्रार्थना करावी: 'प्रभू, मला राग येतोय, धर मला.' एखादं वचन आधीच पाठ असावं. येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलंच वचन पुढे केलं. थकवा, एकटेपणा, ठरावीक वेळ, मोह कशाचा हात धरून येतो ते ओळखून तो रस्ता आधीच बंद करावा. प्रत्येक विचाराची पापकबुली करत बसू नये. तपासणीच्या निमित्ताने तोच विचार पुन्हा पुन्हा उगाळला जातो.

पापाच्या बाबतीत हेच पळणं घात करतं. आदाम झाडांमध्ये लपला. आज लपण्याची जागा बहुधा सेवाकार्याची धावपळ असते, किंवा 'थोडा सुधारलो की प्रार्थनेला बसेन' ही टाळाटाळ. कबुली त्याच दिवशी आणि नाव घेऊन करावी. 'माझ्या सर्व चुकांची क्षमा कर' यापेक्षा 'आज हिशेबात मी खोटं लिहिलं' हे खरं. नुकसान झालेल्या माणसाकडे जाऊन भरपाई करावी. जकातदार जक्कय चौपट द्यायला तयार झाला होता. पाप वारंवार घडत असेल तर याकोब ५:१६ प्रमाणे पाळकांना किंवा एखाद्या विश्वासू, प्रौढ विश्वासणाऱ्याला सांगावं.

एवढं केल्यावरही तेच पाप रात्री आठवून 'तुला क्षमा नाही' असं मन म्हणू लागतं. पुष्कळजण इथे पुन्हा कबुलीला बसतात. पण आता समोर पाप नाही, निराशेचा मोह आहे. त्याच्याशीही वाद घालू नये. पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, हे सांगणारं १ योहान १:९ मोठ्याने म्हणावं आणि दिवा मालवून झोपावं.