रेणूंना किरणोत्सारी खूण : पार्श्वभूमी

शरीरातल्या रेणूला किरणोत्सारी अणू जोडायचा आणि तो कुठे जातो ते बाहेरून टिपायचे, या कल्पनेचे मूळ एका फसलेल्या प्रयोगात आहे. १९११च्या सुमारास मँचेस्टरमध्ये रदरफर्ड यांनी जॉर्ज द हेवेशी यांना शिशातून 'रेडियम-डी' वेगळे करायला सांगितले. ते काही केल्या जमेना. जमणारही नव्हते, कारण ते शिशाचेच किरणोत्सारी समस्थानिक होते, म्हणजे रासायनिकदृष्ट्या शिसेच, फक्त अणूचे वजन वेगळे. हेवेशींनी हाच अडथळा कामाला लावला : जे वेगळे होत नाही, त्याच्यावरून शिशाचा माग काढता येईल. १९२३ मध्ये त्यांनी रोपांत शिसे कसे शोषले जाते ते अशाच रीतीने पाहिले.

पण सजीवांना शिशाचे काय! १९३४ मध्ये जोलिओ-क्युरी दांपत्याने कृत्रिम किरणोत्सारिता दाखवल्यावर उपयोगी मूलद्रव्ये हाती येऊ लागली. त्यातले आयोडीन-१३१ प्रथिनांमधल्या टायरोसीन या अमिनो आम्लावर सहज बसते, आणि त्याच बळावर रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनचा अभ्यास केला. १९६२ मध्ये हंटर आणि ग्रीनवूड यांची क्लोरामाइन-टीची पद्धत आली. प्रथिन आणि आयोडाइडच्या द्रावणात क्लोरामाइन-टी हे ऑक्सिडीकारक घालायचे, म्हणजे आयोडीन प्रथिनावर बसते, आणि थोड्याच वेळात मेटाबायसल्फाइटने अभिक्रिया थांबवायची. रेंगाळलात तर प्रथिनाचेच ऑक्सिडीकरण होते, आणि बिघडलेले प्रथिन मूळच्यासारखे वागेलच असे नाही. या क्षेत्राची खरी डोकेदुखी तेव्हापासून हीच : खूण बसावी, पण रेणूचा स्वभाव बदलू नये.

गंमत म्हणजे सर्वाधिक गाजलेला रेणू मुद्दाम बदललेला आहे. एफडीजी म्हणजे दुसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाऐवजी फ्लोरीन-१८ असलेले ग्लुकोज. पेशी ते आत घेते, त्यावर फॉस्फेट चढवते, पण पुढे पचवू शकत नाही. ते तिथेच अडकते आणि पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे शरीरातली किरणोत्सारी खूण टिपणाऱ्या चित्रणात, उजळून दिसते. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ते तयार करून विमानाने फिलाडेल्फियाला नेले गेले. फ्लोरीन-१८चा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, जेमतेम ११० मिनिटांचा!

घड्याळाचा हा हिशेब पुढे निवडीचाच भाग झाला. धातूंचे समस्थानिक त्यांना घट्ट धरून ठेवणाऱ्या किलेटर नावाच्या रेणूत पकडून जोडता येऊ लागले. छोटे पेप्टाइड (अमिनो आम्लांची आखूड साखळी) कर्करोगाच्या गाठीपर्यंत झटकन पोहोचते, त्याला ६८ मिनिटांच्या अर्धायुकालाचे गॅलियम-६८ पुरते. प्रतिपिंडाला (अँटिबॉडी, एक मोठे प्रथिन) रक्तातून निघून गाठीत साठायला काही दिवस लागतात, म्हणून त्याच्यासाठी सुमारे ७८ तासांचे झिर्कोनियम-८९.