खानदेशातील अभिजन

अभिजन म्हणजे समाजातील असा अल्पसंख्य गट, ज्याच्या हातात सत्ता, संपत्ती किंवा प्रतिष्ठा एकवटलेली असते आणि ज्याच्या निर्णयांचे परिणाम त्या निर्णयांत ज्यांचा वाटा नसतो त्यांनाही भोगावे लागतात. परेटो आणि मोस्का या इटालियन विचारवंतांनी ही संकल्पना मांडली. अभिजनवर्ग नाहीसा होत नाही, त्यातली माणसे तेवढी बदलतात, असे परेटोचे म्हणणे होते. भारतीय खेड्यांबाबत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ‘प्रभुत्वशाली जात’, म्हणजे संख्या आणि जमीन यांच्या बळावर गावात वरचढ ठरणारी जात, ही कल्पना रूढ केली. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात दोन्ही मतांचा पडताळा येतो. ‘अभिजन’ हा शब्द मात्र इथे कोणी वापरत नाही. बोलण्यात असतात ती ‘मोठी माणसं’: पाटील, शेठ, अण्णा, भाऊ.

फारुकी राजवट (१३८२–१६०१) आणि तिच्यामागून आलेले मोगल व मराठे यांच्या काळात गावकऱ्याला राजा क्वचितच दिसे. त्याच्या नजरेसमोर असत ते परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि गावचे पाटील-कुलकर्णी. वसूल गोळा करणे, हक्क घेणे आणि तंटे तोडणे ही कामे त्यांची. त्यांचे खरे बळ दप्तरात होते. कोणाची जमीन किती, कोणाकडे बाकी किती, हे त्यांनाच ठाऊक असे. १८१८ मध्ये इंग्रजांनी प्रांत घेतला, वतने, म्हणजे ही वंशपरंपरागत पदे आणि त्यांचे हक्क, बव्हंशी राहू दिली, पण कारभार मामलेदाराकडे दिला. पुढे जमिनीची नवी मोजणी सुरू झाली, तेव्हा हे दप्तरच हातचे जाऊ लागले. १८५२ साली सावदा-फैजपूर भागात मोजणीविरुद्ध मोठे जमाव जमले. आघाडीवर पाटील-देशमुख होते आणि सरकारला लष्कर आणावे लागले. या उठावाला शेतकऱ्यांचे बंड म्हणण्याची प्रथा आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. सारावाढीची धास्ती रयतेला होती, तर वतनदारांना मधली जागा जाण्याची. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. पोळ्याला तोरणाखालून आधी कोणाची जोडी जायची, यावरून त्यानंतरही अनेक गावांत डोकी फुटली. पद कायद्याने गेले तरी मान तसा जात नाही.

दप्तराची जागा पुढे सावकाराच्या कर्जाने घेतली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच सुमारास भुसावळपर्यंत रेल्वे पोहोचली. कापूस पिकवायचा तर पेरणीला पैसा हवा, तो सावकाराकडे. सरकी काढायची तर जिनिंग हवे, तेही बहुधा त्याच्याच ओळखीतल्या व्यापाऱ्याचे. मारवाडी, गुजराती आणि भाटिया घराणी अशा रीतीने खानदेशात रुजली. मुंबईच्या मूळजी जेठा पेढीने जळगावात कापडगिरणी चालवली. तेच नाव पुढे तिथल्या महाविद्यालयाला मिळाले.

अमळनेरची गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. तिथले प्रताप शेठ गिरणीमालक होते, आणि वेदान्ताची ओढ इतकी की १९१६ मध्ये त्यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. कापडगिरणीच्या गावात तत्त्वज्ञानाची संशोधनसंस्था, हा योग महाराष्ट्रात विरळाच. या मंदिरात अभ्यासासाठी आलेला एक तरुण १९२४ पासून गावातल्या शाळेत शिकवू लागला. त्या शाळेलाही पुढे प्रताप शेठांचेच नाव लागले. हा तरुण म्हणजे साने गुरुजी. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि पुढे याच गावात गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. अभिजनांच्या देणगीतून निघालेली संस्था देणगीदाराच्या हिशेबात बसेल अशीच माणसे घडवते, हे गृहीतक अमळनेरात तरी टिकत नाही. त्याच गावात डिसेंबर १९४५ मध्ये प्रेमजी कुटुंबाने वनस्पती तुपाचा कारखाना काढला. विप्रो कंपनीचा उगम तोच. तिचे जुने समभाग जपून ठेवलेली साधी शेतकरी घरेही या गावात श्रीमंत झाली. पेढीवर जाऊन हात जोडण्याखेरीज भांडवलाशी संबंध येण्याचा हा एक वेगळाच मार्ग होता.

धुळ्यात पैशापेक्षा विद्येचा अभिजनवर्ग प्रभावी ठरला. वकील आणि शिक्षक यांचा त्यात भरणा. शंकर श्रीकृष्ण देव यांची सत्कार्योत्तेजक सभा आणि समर्थ वाग्देवता मंदिर, तसेच वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले संशोधन मंडळ ही त्याची कामे. हस्तलिखिते आणि कागदपत्रे या मंडळींनी निगुतीने जपली. त्यात अहिराणी ही इथली बोली बोलणाऱ्या कुणब्याचा आवाज थोडाच आहे, हेही नोंदवले पाहिजे.

सूत्रे शेतकरी जातींकडे वळल्याची खूण म्हणजे डिसेंबर १९३६ चे फैजपूर काँग्रेस अधिवेशन. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालचे हे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. त्यासाठी राबणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी होते. त्यांचे पुत्र मधुकरराव चौधरी पुढे मंत्री आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले. यावल-रावेर पट्ट्यातील लेवा पाटीदार समाजाची पाडळसे येथील भोरगाव पंचायत आणि तिचे ‘कुटुंबनायक’ हे पद ही तर जातीअंतर्गत अधिकाराची जुनी रचना. निवडणुकीच्या राजकारणातही ती मागे पडलेली नाही. स्वातंत्र्यानंतर सोसायटी, जिल्हा बँक, साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था ही सत्तेची नवी ठाणी झाली. कर्ज कोणाला, उसाची तोड आधी कोणाची, मास्तरकी कोणाच्या पोराला, हे ठरवणारा संचालक म्हणजे नव्या काळातला वतनदारच, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

पश्चिमेकडे चित्र कठोर होते. शहादा-तळोदा भागात गुजर जमीनदारांकडे भिल्ल सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, म्हणून राबत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरे, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतले की माणूस अडके. कर्जापायी अनेकांच्या जमिनीही गेल्या होत्या. १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर, म्हणजे तिथे आदिवासींवर झालेल्या गोळीबारानंतर, असंतोष पेटला. भिल्लांचे नेते अंबरसिंग महाराज आणि १९७२ मधली श्रमिक संघटना यांनी मजुरी आणि जमीन हे प्रश्न ऐरणीवर आणले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा १९७४ चा कायदा याच वातावरणातला. त्याच शहाद्यात पी. के. अण्णा पाटील यांनी साखर कारखाना व शिक्षणसंस्था उभ्या केल्या. अण्णांचे नाव आजही तिथे आदराने घेतले जाते, आणि सालदारीची आठवणही पुसलेली नाही. एकाच तालुक्याच्या या दोन आठवणी आहेत.

डोंगरात आदिवासींचे स्वतःचे अभिजनही होते. अक्कलकुवा-अक्राणी भागातील मेवासी संस्थानिक, म्हणजे डोंगरपट्ट्यातले छोटे सरदार, त्यांपैकी प्रमुख. त्यांची सत्ता संपली, तरी काठी या गावची राजवाडी होळी पाहायला आजही सातपुड्यातून हजारो लोक रात्रभर जमतात.

भाषेचाही या प्रभावाशी संबंध आहे. वर चढलेल्या घरांनी अहिराणी माजघरात ठेवली आणि दिवाणखान्यात प्रमाण मराठी आणली. शिक्षणसंस्थांच्या अहवालांतून अहिराणी हद्दपार झाली. प्रचारसभेत मात्र तोच नेता माईक हातात घेऊन अहिराणीतच सुरुवात करतो.