त्याच कंपनीत कायमची नोकरी सोडून कंत्राटावर जाताना: बडोद्यातली प्रक्रिया आणि कागदपत्रं

मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत) डिझाइनचं काम करणाऱ्याला एचआर एक दिवस सांगतं, 'पुढच्या महिन्यापासून कन्सल्टंट म्हणून या, टेबल तेच.' यासाठी बदलीसारखा एखादा अर्ज असेल असं वाटतं. तसा तो नसतो. आधी रीतसर राजीनामा, मग जुना हिशोब, मगच नवा करार. हा क्रम उलटू देऊ नका.

रिलिव्हिंग लेटर, शिल्लक रजेचे पैसे आणि फॉर्म 16 मागून घ्या. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी (नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम) हक्काची, आणि तीही 30 दिवसांत. 'तुम्ही इथंच तर आहात, नंतर बघू' यावर गप्प बसू नका. हिशोब असा: ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा महिन्याचा पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण धरतात. असा पगार 40,000 आणि नोकरी 8 वर्षं 7 महिने, तर सुमारे 2,07,692 रुपये. पाच वर्षांना थोडेच महिने कमी असतील तर सरळ थांबा.

पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं भरायची असते. नाही भरली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर स्वतः भरता येते.

करारात काम, दर, बिल किती दिवसांत मिळणार आणि नोटिस, एवढं तरी असावंच. रोज पंचिंग, साहेबांकडून रजा मंजूर, कामाची वेळ तीच, असं असेल तर कागदावर काहीही लिहा, वाद झाल्यावर ती नोकरीच ठरू शकते.

बिलातून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) साधारण 10 टक्के कापला जातो, काही तांत्रिक सेवांना 2. सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी: पॅन, आधार, फोटो, कॅन्सल चेक, लाईट बिल; भाड्याचं घर असेल तर मालकाचं संमतिपत्र. सरकारी फी नाही. पगारातून महिन्याला 200 कापला जाणारा व्यवसाय वेरो (व्यवसाय कर, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स) आता तुमच्या गळ्यात. महापालिकेत स्वतःच्या नावानं नोंदणी करायची. खिडकीवर गुजरातीतच विचारा, काम लवकर होतं.

घराचं कर्ज काढायचं मनात असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच काढा. स्वतःचा धंदा म्हटल्यावर बँका सहसा दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात.